बोटांवरची बाराखडी

तापाने वायरमनला एकोणीस दिवस धरलं आणि सोडताना त्याचे डोळे आणि कान दोन्ही बरोबर नेले. वय एकतीस. शिट्टी वाजवत खांबावर चढणारा, उतरताना शेवटच्या चार हातांवरून उडीच मारणारा गडी. ठरलेलं लग्न मोडलं, नोकरी गेली, हे तर झालंच. पण खरी अडचण वेगळी होती. त्याची जीभ शाबूत होती, तो हवं ते बोलू शकत होता, आणि समोरचा काय म्हणतोय हे त्याच्यापर्यंत पोचायला मात्र एकही वाट उरली नव्हती. विहिरीत पडलेल्या माणसासारखा तो आतून ओरडायचा, "कोणी आहे का?" आणि त्याची बहीण त्याच्या शेजारीच बसलेली असायची.

घरात ही दोघंच. आईवडील केव्हाच गेलेले. बहीण त्याच्याहून पाच वर्षांनी लहान, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसायची. तो तिला चिंगी म्हणायचा आणि ती छत्तीस वर्षांची झाली तरी चिंगीच म्हणत राहिला.

सुरुवातीला ती त्याच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढायची. 'चहा घे' एवढं लिहून, पुसून, पुन्हा लिहून त्याला समजेपर्यंत चहावर साय धरायची. मग एका सकाळी त्यानेच तिचा हात थांबवला.

"चिंगे, ही चित्रं काढणं बंद कर. मास्तरांनी छड्या मारून पाठ करून घेतलं होतं, आठवतं? क-ख-ग-घ-ङ, च-छ-ज-झ-ञ. वर्ग किती? पाच. बोटं किती? पाच. अंगठ्यावर क-वर्ग, त्याच्या शेजारच्या बोटावर च-वर्ग, मधल्यावर ट-वर्ग, मग त-वर्ग आणि करंगळीवर प-वर्ग. शेंड्यापासून मुळापर्यंत पाच जागा. उरलेली य-र-ल-व तळहातावर टाक आणि काना-मात्रा बोटांच्या मागच्या हाडांवर. तू नुसतं दाबत जा." आणि मग मोठ्याने हसला. "जन्मभर वर्गाबाहेर उभा राहिलो, आता सगळे वर्ग मुठीत आले बघ!"

तापानंतर तो पहिल्यांदाच हसला होता. चिंगी स्वयंपाकघरात जाऊन रडून आली.

पहिले दोन महिने शब्द अडखळत गेले. सहाव्या महिन्यात वाक्यं जायला लागली. वर्ष सरलं तेव्हा ती त्याच्या डाव्या हातावर बोटं नाचवायची आणि तो तिचं वाक्य संपायच्या आत उत्तर द्यायचा. कचेरीतून आली की चपला काढायच्या आधी ती दिवसभराच्या गमती त्याच्या हातात ओतायची. "आज एकजण आला दादा. म्हणे, तीन दिवस नळाला पाणी नाही. मी विचारलं, नळ नीट उघडता ना? तर म्हणतो, नळ अजून बसवायचाय!" तो अर्धा क्षण उशिरा हसायचा. तेवढाच काय तो फरक. बाकी शेजाऱ्यांची भांडणं, वर्तमानपत्रातले अपघात, कुणाचं कुणाशी जमलं, सगळं त्याला माहीत. कुणाबद्दल वाईट बोलायचं असलं की भिंतींनाही ऐकू जाऊ नये अशी सोय. आणि नुसती भाषाच नव्हे, त्याचं सगळं अंगच जागं झालं होतं. फरशीच्या थरथरीवरून जिन्यात कोण आहे ते ओळखायचा, गालावर आलेल्या वाऱ्यावरून कुठलं दार उघडलं ते सांगायचा.

त्याच्यावर उपचार केलेल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाई वर्षातून एकदा त्याला तपासायच्या. त्या चिंगीला म्हणाल्या, "रिकामं घर कुणी फार दिवस रिकामं ठेवत नाही. याच्या मेंदूत डोळ्यांच्या आणि कानांच्या खोल्या मोकळ्या पडल्या, तिथे बोटांनी बिऱ्हाड थाटलंय. या वयात इतकं होईल असं मला वाटलं नव्हतं, चमत्कारच हा." चिंगीने ते बोटांवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "विचार त्यांना, भाडं कोण भरतं?"

अशी सहा वर्षं गेली. चिंगी पुढे कधीकधी म्हणायची, ती सहा वर्षं आम्ही राजासारखे राहिलो. आणि तिला तेव्हाही माहीत होतं की दादाला तसं वाटत नव्हतं.

"बसून खाल्लं तर कुबेराचंही सरतं," तो म्हणायचा. "आणि कुबेर तरी कुठे बहिणीच्या जिवावर बसला होता?" ती समजूत घालायची. तो ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी तिनेच शब्द टाकला. रस्त्यापलीकडे खुर्च्यांचा कारखाना होता. तिथला मुकादम तिच्या खिडकीवर तक्रार घेऊन यायचा, त्यातून ओळख झाली होती. ही गोष्ट तिने स्वतःला कधीच माफ केली नाही. मुकादमाला विचारायला ती स्वतः गेली होती, दादाने पाठवलं नव्हतं.

मुकादम आधी कां-कूं करत होता. मग त्याने वायरमनच्या हातात खुर्चीचा एक पाय दिला. वायरमनने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "इथे उंचवटा आहे. केसाएवढा." मुकादमाने चष्मा लावला, उजेडात धरला, काही दिसेना. नखाने खरवडल्यावर कळलं. त्याच दिवशी वायरमनला कामावर घेतलं.

काम असं, की लाकूड घासायचं यंत्र दोन्ही हातांनी गच्च धरायचं आणि पाय, पाठ, हात गुळगुळीत होईपर्यंत फिरवत राहायचं. यंत्र वीतभर लांबीचं, पण थरथर अशी की दात वाजावेत. दणदणाटाने धडधाकट माणसं महिन्याभरात कानांना हात लावून पळायची. वायरमनला काय फरक पडतो? त्याच्या हातून खुर्च्या अशा निघायच्या की मुकादम गिऱ्हाइकांना सांगायचा, "डोळे मिटा आणि हात फिरवा." बरोबरचे लोक त्याच्या पाठीवर थाप मारून जायचे. दुपारच्या सुट्टीत कुणीतरी त्याच्या हातात गरम कप ठेवायचं. संध्याकाळी तो लाकडाच्या भुशाने पांढरा होऊन घरी यायचा, ताठ मानेने, आणि आता गमती तो सांगायचा. आठ तासांचे दहा झाले. मग अकरा. चिंगी "पुरे कर" म्हणाली की म्हणायचा, "माझ्यावाचून अडतं तिथे. कळतंय तुला? माझ्यावाचून अडतं."

तिला कळत होतं. म्हणून तर ती गप्प बसली.

तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी तिने नेहमीसारखी "दादा" म्हणून हाक मारली. चौथ्या बोटाच्या मधोमध दोनदा.

तो म्हणाला, "मी तुझा बाबा कधीपासून झालो?"

दोघंही हसली. 'द' चौथ्या बोटावर तिसरा, 'ब' करंगळीवर तिसरा. शेजारी शेजारी. चुकलं असेल माझंच, तिला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी 'पाय'चं 'ताय' झालं, 'नाक'चं 'माक'. ती सावकाश दाबायला लागली. मग जोरात. मग प्रत्येक शब्द दोनदा. हात कामाने बधिर झाले असतील म्हणून तिने तेल चोळलं, गरम पाण्यात बुडवून ठेवले. तो म्हणायचा, "झालं आता, येतंय नीट." आणि मान डोलवायचा. ती सांगत राहायची, तो मान डोलवत राहायचा, अधूनमधून हसायचाही.

मावशी वारली ते पत्र आलं तेव्हा चिंगीने त्याला जवळ बसवलं. या मावशीने आईमागे दोघांचं सगळं केलं होतं. तिने त्याचा हात मांडीवर घेतला आणि एकेक अक्षर जपून दाबलं. मावशी गेली. मंगळवारी. झोपेतच.

त्याचा चेहरा उजळला. "अरे वा! मावशी! किती दिवस राहणार आहे?"

चिंगीचा हात त्याच्या हातावर तसाच राहिला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की गेले कित्येक महिने तो अंदाजाने बोलत होता. एखादं अक्षर पकडायचं, बाकीचं मनाने जुळवायचं आणि मान डोलवायची. आणि तिला वाईट वाटू नये म्हणून हसायचं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीत बसवलं, हात टेबलावर पालथा-उताणा करून पाहिला, सुया टोचल्या, विजेचे बारीक झटके देऊन नसा तपासल्या. मग चित्रकाराचा एक बारीक कुंचला घेतला. दरवर्षीच्या तपासणीत ठरूनच गेलं होतं, ज्या बोटाला लागेल ते त्याने दुसऱ्या हाताने दाखवायचं. चौथ्या बोटाला कुंचला लावला, त्याने करंगळी दाखवली. मधल्याला लावला, चौथं दाखवलं. दोन बोटांना एकदम लावला, त्याने एकच दाखवलं. मग तो गोंधळला आणि त्याने सगळा हातच वर केला. "इथे कुठेतरी," तो म्हणाला. घसा खाकरून पुन्हा म्हणाला, "इथेच कुठेतरी आहे, बाई."

डॉक्टरीणबाईंनी कुंचला खाली ठेवला.

"हात ठणठणीत आहे," त्या चिंगीला म्हणाल्या. "नसा उत्तम आहेत. बिघाड हातात नाहीच. आपण म्हणतो ना, हाताची पाची बोटं सारखी नसतात? मेंदू ते फार मनावर घेतो. तो प्रत्येक बोटाला वेगळी जागा देतो, मध्ये भिंत घालतो. पण ती जागा कायमची नावावर नसते. जसं जगाल तशी तो मांडणी बदलतो. यांची पाची बोटं तीन वर्षं, रोज दहा-अकरा तास, एकत्र थरथरली. मेंदूने काय धडा घेतला? ही पाच नाहीत, हे एकच आहे. भिंती पाडून टाकल्या त्याने."

"पण मेंदूनेच तर शिकवलं होतं सगळं. तुम्हीच म्हणाला होतात..."

"हो. मी त्याला चमत्कार म्हटलं होतं. हेही तेच आहे. चांगलं काय, वाईट काय, हे त्याला कळत नाही. जे रोज होतं ते तो शिकतो."

"परत येईल?"

"यंत्र आजपासून बंद. मग एकेक बोट वेगळं वापरायला शिकवायचं. तांदूळ, बटणं, खिळे, कापडाचे तुकडे. रोज, न चुकता. काहींचं येतं. काहींचं अर्धं येतं. वर्षं लागतील. खोटं सांगत नाही."

आता हे त्याला सांगायचं कसं? त्याच्याशी बोलायची वाटच तर बंद झाली होती. चिंगीने त्याला घरी नेऊन पालथं झोपवलं आणि पाठीवर मोठमोठी अक्षरं काढायला घेतली. 'काम' समजायला बराच वेळ गेला. 'बंद' कळलं तेव्हा तो उठून बसला.

"कुणाचं काम बंद? माझं?" त्याच्या आवाजाला आता वरखालीपणा राहिला नव्हता, सगळं एकाच उंचीवरून यायचं. "का? मला कोपऱ्यात बसवायला? तिथे मी माणूस आहे चिंगे, इथे मी सामान आहे. तू कामावर जाताना कुलूप लावून ठेवतेस ते सामान!"

ती पाठीवर 'हात' लिहीत होती, 'बोटं' लिहीत होती. तो खांदे झटकत होता. शेवटी तिने त्याचा डावा हात घेतला, एकेक बोट धरून हलवलं, मग पाचही मुठीत एकत्र आवळली आणि तशीच धरून ठेवली. त्याचे खांदे थांबले. मग म्हणाला, "मला वाटलं तूच दाबताना घाई करतेस."

कारखान्यात ती स्वतः जाऊन सांगून आली. मुकादमाचा चेहरा पडला. "मला कुठे ठाऊक होतं, ताई," तो म्हणाला. "लाकडाचा भुसा फुप्फुसात जातो हे माहीत होतं. हे असं काही असतं होय?"

मग सुरू झाले बटणांचे दिवस. सकाळी कामावर जायच्या आधी एक तास, संध्याकाळी दोन तास. तांदळाच्या डब्यात चावी, खिळा, नाणं, बटण लपवायचं आणि त्याने एकाच बोटाने शोधायचं. चौथ्या बोटाला मखमल, करंगळीला काचपेपर. कुठलं कुठे? त्याने चुकायचं, तिने मनगटावर दोन टिचक्या मारायच्या. दोन म्हणजे नाही. एक म्हणजे हो. चौथ्या महिन्यात त्याचं दहातल्या पाच वेळा बरोबर येऊ लागलं. चिंगीला हायसं वाटलं. मग पाचावरच गाडी अडली. पुढच्या महिन्यात चार झाले. तिला वाटलं, होतं असं, चढउतार असतातच.

बोलणं मात्र आटत चाललं. पाठीवर एक शब्द पोचवायला जो वेळ लागायचा त्यात गंमत काय सांगणार? जेव. झोप. थांब. आले. जाते. सगळं मिळून आठ-दहा शब्दांवर संसार आला. कचेरीतल्या गोष्टी तिच्या पोटातच राहू लागल्या. तोही कमी बोलायला लागला. त्याचे शब्द झिजत चालले होते, शेवटची अक्षरं गळायची, आणि ती ते सुधारू शकत नव्हती. एकदा जेवताना त्याने मान वर केली आणि विचारलं, "तू चिंगीच आहेस ना? की दुसरी बाई ठेवलीय?"

तिने एक टिचकी मारली. हो. पण कुठल्या प्रश्नाला हो, हे ती कसं सांगणार?

दहाव्या महिन्यात एका दुपारी कचेरीची जलवाहिनी फुटली, सगळ्यांना घरी सोडलं. पाणी खात्याच्या कचेरीतच पाणी शिरलं म्हणून लोक हसत होते. चिंगी घरी आली तर कुलूप कडीला नुसतं लटकत होतं. आत दादा नाही. तांदळाचा डबा जसाच्या तसा.

ती जिन्यावरून धावत खाली आली, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं, आणि मग तिचे पाय आपोआप पलीकडे वळले. आत तोच दणदणाट. मागच्या खिडकीपाशी, भुशाने पांढरा झालेला वायरमन यंत्र दोन्ही हातांनी गच्च धरून खुर्चीच्या पाठीवर फिरवत होता. चेहरा शांत. असा चेहरा तिने वर्षभरात पाहिला नव्हता.

मुकादम घाईघाईने आला. त्याला तिच्याकडे बघवेना.

"केव्हापासून?" तिने विचारलं. दणदणाटात तिला ओरडावं लागलं.

"सहा महिने झाले असतील. तुम्ही गेलात की येतो. तुमच्या यायच्या आधी हातपाय धुऊन जातो. पहिल्या दिवशी ओरडून शेजाऱ्याला बोलावलं, दुसरी किल्ली खिडकीतून देऊन कुलूप उघडवलं आणि रस्ता एकट्याने ओलांडून आला ताई, गाड्या करकचून थांबल्या. उगाच मरायला नको म्हणून मग मीच आणायला आणि सोडायला लागलो. ती किल्ली त्यानेच मला दिली. मी नाही म्हणून पाहिलं. त्याने माझे पाय धरले. मला म्हणाला, हात काही परत येत नाही, हे ती सोडून सगळ्यांना कळलंय. निदान हे तरी राहू दे."

सहा महिने. म्हणजे बटणं पाचावर अडली ते दिवस. सकाळी ती बोटं वेगळी करत होती आणि दुपारी यंत्र ती पुन्हा एकत्र करत होतं. आणि तो हे जाणून होता. जाणून, संध्याकाळी दोन तास तिच्यासमोर तांदळात बोटं खुपसून बसत होता, तिच्या समाधानासाठी.

ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. पूर्वी फरशीवर पाऊल पडताच त्याने ओळखलं असतं. तिने खांद्यावर हात ठेवला.

"दोनच राहिल्यात, मुकादम," तो त्या सपाट आवाजात म्हणाला. "झाल्या की जातो. ती सहाला येते."

चिंगीने हात तसाच ठेवला. यंत्राची थरथर त्याच्या खांद्यातून तिच्या कोपरापर्यंत येत होती. त्याच्या हातातून यंत्र ओढून घ्यावं, असं एकदा मनात आलं. ओढून घरी न्यावं आणि कुलूप बदलावं. पुढे? पुढे तांदूळ, बटणं, दोन टिचक्या, एक टिचकी, आणि कदाचित पाच वर्षांनी अर्धंमुर्धं वाक्य. कदाचित तेही नाही. तिने हात काढून घेतला. मुकादमाला म्हणाली, "सहाला मीच न्यायला येईन. रस्ता एकट्याने ओलांडू देऊ नका."

त्यानंतर तो उघडपणे जाऊ लागला. तिला कळलंय हे त्याला कसं समजलं कोण जाणे. बहुधा सहाला कोपराला धरणारा हात मुकादमाचा नाही एवढं तरी उमगलं असेल. पहिल्या दिवशी रस्ता ओलांडताना तो म्हणाला, "रागावलीस?" तिने मनगटावर दोन टिचक्या मारल्या. ते खरं नव्हतं, पण दुसरं उत्तर टिचक्यांत बसत नव्हतं.

रविवारी ती अजूनही त्याचा डावा हात मांडीवर घ्यायची. पूर्वीसारखी भराभर अक्षरं दाबायची. त्याला काही कळत नाही हे माहीत असून दाबायची. मावशी गेल्याचं तिने पुन्हा सांगितलं. कचेरीत वरच्या जागेवर बोलावलं होतं, दुसऱ्या गावी, ती नाही म्हणाली, तेही सांगितलं. आणि एका रविवारी तिने ते सांगितलं जे ती एरवी कुणालाच सांगणार नव्हती. दादा, तू तापातून उठला नसतास तर बरं झालं असतं, असं मला हल्ली वाटतं. बोटांवर, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, सगळं स्पष्ट.

त्याने हळूच हात काढून घेतला आणि शर्टाला पुसला.

"नको गं चिंगे," तो म्हणाला. "ते करतेस ना, ते नुसतं यंत्र चालल्यासारखं लागतं. रविवारी तरी हाताला विश्रांती असू दे."

आणि मग तो तिला नव्या खुर्च्यांबद्दल सांगू लागला. पाठ वाकडी असते म्हणे, घासायला कठीण, पण जमेल. बराच वेळ सांगत होता. ती समोर बसून ऐकत होती. हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.